अंगणवाडीच्या यादीत आपल्या बाळाचे नाव आहे का?

शहापूर-मुरबाडकडे मूल तीन वर्षांचे झाले की घराघरांत एकच विषय निघतो: नर्सरी कोणती? अब्बा वाशिंद-आसनगावच्या इंग्रजी पाट्या वाचून येतात. दादीचे म्हणणे, आधी बिस्मिल्लाह होऊ द्या. चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचा हिशेब तिला तोंडपाठ. मोहल्ल्याजवळची अंगणवाडी मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. ‘खिचडीवाली’ म्हणून आपण तिला सोडून देतो.

वास्तविक ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलाच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते हेच.

आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्याची चिठ्ठी, आईला सल्ला आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वशिक्षण, अशी तिची सहा कामे. फी नाही. दारिद्र्यरेषेच्या कार्डाची अट लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले आहे.

आम्ही शाळेत शिकवतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन एबीसीडी गिरवून घेणे आम्हाला पटत नाही. बोटे तयार व्हायला माती, मणी, चिंचोके लागतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा खेळातून शिकण्याचा एकच टप्पा मानला आहे. शिवाय आपल्या घरात उर्दू किंवा कोकणी. अंगणवाडीत शेजारच्या मुलांबरोबर मराठी आपसूक जिभेवर बसते, आणि पुढे मूल उर्दू माध्यमात गेले तरी ती कामी येते.

सगळे आलबेल आहे असे नाही. एकच सेविका वजने घेते, सर्वेक्षण करते, रजिस्टरे भरते. शिकवण्याचा वेळ त्यातच जातो. म्हणून अम्मींनी अधूनमधून तासभर जाऊन बसावे, आज कोणते गाणे झाले, कोणता खेळ झाला ते विचारावे. विचारणारे कुणी असले की फरक पडतो.

आणि वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? १३ डिसेंबर २००६ च्या निकालानुसार, ज्या ग्रामीण वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत, तिने मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी लागते. अर्ज तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे करायचा. सोबत मुलांची नावे व जन्मतारखा जोडा, पोच घ्या, आणि सह्या फक्त जमातीच्या पुरुषांच्या नकोत, आयांच्याही हव्यात.