उशीवरून दिसणारी भिंत

दिवाळी तोंडावर आली की आमच्या साकोलीत घरोघरी शिड्या आणि चुन्याच्या बादल्या दिसू लागतात. यंदा आमच्याही घराला रंग लागला. बैठकीची खोली झाली, स्वयंपाकघर झाले, ओसरी झाली. एक भिंत तेवढी राहिली. रंगारी बिचारा प्रामाणिक. पैसे घरभराचे घेतले आणि भिंत एक कमी रंगवली, हे त्याच्या मनाला लागले असावे. "साहेब, इकडे खालून चांगलीच ओल आली आहे, हात फिरवून टाकू का?" असे त्याने तीनदा विचारले आणि तीनदा घरातल्या सर्वांनी एका सुरात 'नको' म्हटले. आमच्या घरात एका सुरात काही म्हटले जाण्याचे प्रसंग फार थोडे. म्हणून त्या भिंतीची हकिगत सांगावीशी वाटते.

मी गेली वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो. नवरसांवर घड्याळाकडे न पाहता बोलू शकतो. पण चित्रकलेशी माझा संबंध म्हणाल तर दाढीच्या ब्रशापलीकडे दुसरा ब्रश मी हाती धरलेला नव्हता. असल्या माणसाने आपल्या मुलीच्या खोलीत भिंतभर चित्र काढायचे मनावर घ्यावे, याला कारणही तसेच होते.

आमची धाकटी नऊ वर्षांची आहे. घरात तिला आम्ही छकुली म्हणतो. छकुलीला सिकलसेल आहे. आमच्या पूर्व विदर्भात हे नाव कोणाला फोड करून सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. निरोगी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या कडक होतात, वाकतात, विळ्यासारख्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हातपाय, पाठ, छाती, कुठेही कळा सुरू होतात. थंडी, ताप, दगदग, पाणी कमी पिणे, निमित्त कशाचेही पुरते. आई आणि वडील दोघांच्याही रक्तात याचा एकेक अंश असला तर ते दोघे धडधाकट असतात. त्यांच्या प्रत्येक मुलाला मात्र चारात एक या हिशेबाने हा आजार होण्याची शक्यता असते. आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतात, हे दोन ज्योतिष्यांकडून पडताळून घेतले. दोघांच्या रक्ताचा एक थेंब तपासून घ्यावा हे कोणालाच सुचले नाही. नवरदेव एम. ए. होता, त्यालाही सुचले नाही.

तर छकुलीचे वर्षातले बरेच दिवस अंथरुणात जातात. समोर भिंत. एकदा मी तिच्याजवळ बसलो होतो तेव्हा तिने मला त्या भिंतीवरची सगळी माहिती सांगितली. चुन्याचा पोपडा निघाला होता तिथे उंट होता. वरच्या भेगेत नदी होती. खिळ्याच्या भोकात एक म्हातारी राहत होती. ती कोणाशी बोलत नाही, असेही कळले. माझ्या मुलीने दोन वर्षांत या भिंतीचे इतके वाचन केले होते, तेवढे माझे विद्यार्थी नेमलेल्या पुस्तकाचे करीत नाहीत. त्या रात्री मी ठरवले, इथे चित्र काढायचे.

हा बेत आईच्या कानावर घातला तेव्हा ती म्हणाली, "अरे, लेकराच्या खोलीत जिवती असते की भिंतीवर! आणखी चित्र कशाला?" आणि ती होतीच. आमच्याकडे आषाढी अमावास्येला नवी जिवती आणून भिंतीला चिकटवतात. लहानपणापासून पाहिलेला तो कागद मी त्या दिवशी प्रथमच नीट वाचला. वरती प्रल्हादासाठी खांबातून निघालेला नरसिंह. खाली कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. त्याखाली अंगाखांद्यावर मुले खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका. शेवटी हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. म्हणजे एक छळ सोसलेले मूल, एक डोहात उडी घेणारे मूल, आणि मुलांना राखणारी मंडळी. मुलांच्या खोलीत चित्र असावे ही कल्पना काही मी काढलेली नव्हे. तिकडे पालघरकडचे वारली तर लग्नघरात आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक घालतात, मधे पालघट देवी; आणि तो मान सवाशिणींचा. चौक काढला असे ते म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात. मराठीच्या मास्तराला हे क्रियापद आवडणारच. जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या काळात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली; पण मूळ चित्र घरातल्या बायकांचे आणि घरातल्या कार्यासाठीचे. असो. जिवती आहे तिथेच राहील, उरलेली भिंत माझी, असा आईशी तह झाला.

हाती ब्रश धरण्याची अक्कल नाही हे ठाऊक असल्याने मी एका पेंटरला गाठले. हा मूळचा पवनीकडचा, नाटकांचे पडदे रंगवणारा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडईबरोबर नाटके सुरू होतात आणि धानाची कापणी-मळणी आटोपलेल्या गावांतून होळीपर्यंत रात्ररात्र चालतात. वडशाला कंपन्यांची कार्यालये थाटली जातात. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला. पण नटाच्या पाठीमागचा राजवाडा रंगवणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जाते? आता तर छापील फ्लेक्सचे राजवाडे आले आहेत. पेंटरबुवांना वेळ भरपूर होता.

ते आले ते श्रावणात. भिंतीवर तळहात ठेवला, नख मारून पाहिले आणि म्हणाले, "सर, भित वली हाये. आता रंग द्याल तं दसऱ्याले पोपडे वेचत बसाल." थांबा म्हणाले. दिवाळीनंतर त्यांचा नाटकांचा हंगाम, म्हणजे थेट वैशाख. छकुलीने दहा महिने वाट पाहिली. रोज शाळेतून आली की, जेव्हा जाई तेव्हा, भिंतीला गाल लावून ओल बघायची.

मे महिन्यात भिंत ठणठणीत वाळली. आम्ही दोघांनी जुना चुना पत्र्याने खरवडला. उंट गेला, नदी गेली. म्हातारीचे भोक बुजवायचे नाही अशी अट होती, ती पाळली. मी शहाणपणाने दुकानातून तैलरंगाचे डबे आणले होते. पेंटरबुवांनी ते परत करायला लावले. एक तर त्याचा वास आजारी पोराला सोसत नाही. दुसरे, तैलरंगाखाली ओल कोंडते आणि थरच्या थर सुटतो. त्यांची कृती जुनी: चुन्याचा हात पुरता वाळू द्यायचा आणि त्यावर गेरू, पिवडी, काजळी, नीळ असे भुकटीचे रंग सरसात कालवून लावायचे. सरस वितळवताना घरभर जो दर्प सुटला त्याबद्दल सौभाग्यवतींचे मत मी येथे लिहीत नाही. मात्र माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. अजिंठ्याची चित्रे म्हणजे याहून निराळे काय आहे? मातीच्या गिलाव्यात धानाचा कोंडा आणि काड्या मिसळायच्या, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर मातीचे रंग चिकट द्रव्यात कालवून लावायचे. १८१९ साली गोऱ्या शिकाऱ्यांना ती लेणी दिसली तेव्हा त्या कोंड्याच्या गिलाव्याचे वय हजारावर वर्षे होते. कोंडा तर आमच्या भंडारा जिल्ह्यात पायलीला पसाभर नव्हे, पोत्याने पडलेला असतो! मी हे सारे उत्साहाने सांगितले. पेंटरबुवा म्हणाले, "हो का? मंग बादली धरा."

चित्राचा आराखडा मी महिनाभर खपून केला होता. शिवनीबांधाचा तलाव, त्याखालची पिकलेली धानशेते, कापणीला वाकलेल्या बायका, आणि एका बाजूला सारसाची जोडी. सारस हवाच, हा माझा हट्ट. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा आमच्यापासून वेगळा निघाला आणि वाटणीत नागझिरा, नवेगावबांध आणि बहुतेक सारस त्यांच्याकडे गेले. भावकीच्या वाटण्या अशाच होतात. निदान माझ्या भिंतीवर तरी एक जोडी भंडाऱ्याची असावी. सारस काढायला सरस लागतो, असा एक विनोदही मी केला. तो वर्गात खपला असता.

पेंटरबुवांनी कागद पाहिला, काही बोलले नाहीत. "पोरीची उशी कोन्या बाजूले रायते?" एवढेच विचारले. मी दाखवली. त्यांनी पाय झटकले आणि सरळ छकुलीच्या खाटेवर आडवे झाले. उशीवर डोके टेकून पाच मिनिटे भिंतीकडे पाहत राहिले. मी अवघडून उभा. मग म्हणाले, "तुमचं चित्र उभ्या मानसाचं हाये. पडदेवाला शेवटच्या मानसाच्या जाग्यावर जाऊन बसते, मंग त्याले समजते काय दिसते अन् काय नाही."

मग मीही झोपून पाहिले. मी आखलेला तलाव जिथे यायचा तिथे, उशीवरून पाहता, पंख्याचे पाते मधे येत होते. सारसाच्या चोची पाहायला मान ताणावी लागत होती. क्षितिजाची रेघ पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते हे कुठेतरी वाचलेले होते, पण माझी रेघ माझ्या डोळ्याच्या उंचीवर होती, जमिनीपासून पाच फुटांवर. छकुलीचा डोळा उशीवर, जमिनीपासून दोन फुटांवर. दोन वर्षे मी त्या खाटेच्या कडेला बसलो होतो, औषधे दिली होती, पाय शेकले होते. त्या उशीवर डोके टेकून मी एकदाही पाहिले नव्हते.

रेघ दोन फुटांवर आली. सुतळीला गेरू माखून, दोघांनी दोन टोके ताणून, मधे टिचकी मारली की सरळ रेघ उठते. ती टिचकी छकुलीने मारली. खाली पाण्याचा अरुंद पट्टा, वर सगळे आभाळ, आणि त्या आभाळात उंचच उंच गेलेल्या बायका. शेताच्या धुऱ्यावर मांडी घालून बसलेल्या लहान मुलाला कामावरच्या बाया दिसतात तशा.

खडूने अकरा बायका आखून झाल्या. प्रत्येकीच्या उजव्या हातात मी मोठ्या हौसेने विळा दिला. विळ्याचा बाक मला बरा साधला होता. छकुली खाटेवर बसून बघत होती. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, विळे नको."

मी म्हटले, "अगं, कापणीला विळा लागतोच."

"मग कापणी नको."

तिला पहिल्यांदा समजावून सांगताना डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला होता आणि शेजारी एक विळा काढला होता. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तो कागद आम्ही कधीच टाकून दिला होता.

पेंटरबुवांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, ओला फडका उचलला आणि एकेक करून अकराही विळे पुसले. बायका वाकलेल्या होत्याच. त्यांच्या हातात विळ्याच्या जागी धानाच्या रोपांच्या जुड्या आल्या. पिवळे शेत हिरवे झाले. कापणीचा रोवणा व्हायला एक दुपार पुरली. उलट बरेच झाले. सारस पावसाळ्यातच पाणी साचलेल्या धानाच्या बांध्यांत घरटे करतो. माझ्या पहिल्या चित्रात तो कापणीच्या गर्दीत काय करीत उभा होता, कोण जाणे. आता एक सारस घरट्यावर बसला आणि दुसरा शेजारी उभा राहिला. तो बाईच्या बरोबरीने उंच दाखवा, असे मी सांगितले तेव्हा पेंटरबुवांना ती अतिशयोक्ती वाटली. उभा सारस माणसाएवढा असतो, उडणाऱ्या पक्ष्यांत त्याच्याइतका उंच पक्षी जगात दुसरा नाही, हे पटवायला मला अर्धा तास लागला. पटल्यावर त्यांनी त्याचे डोके असे काही लाल केले की आई म्हणाली, कुंकवाचा करंडा सांडला का? म्हातारीचे भोक मात्र आभाळात राहिले. ती आता पाऊस पाडते, असा छकुलीचा निर्णय आहे.

पावसाळा लागला. जुलैत बाहेर खरे रोवणे चालू असताना एका रात्री तिला जोराच्या कळा आल्या. गरम पाण्याची पिशवी, औषध, घोट घोट पाणी, हे सगळे झाले. औषधाने गुण येईपर्यंत जो वेळ जातो त्याचे काय करायचे, हे कुठल्याच पुस्तकात नाही. पूर्वी त्या वेळात ती माझा हात दाबून धरी. त्या रात्री ती हळूहळू मोजत होती. डावीकडून पहिली बाई, दुसरी, तिसरी. अकरावीपाशी पोचली की सारस, मग उलटे. पाचवीचे लुगडे निळे, ती थोडी मागे पडली आहे. "तिचं कंबर दुखतं," छकुली म्हणाली, "पण ती ओळ सोडत नाही, नाहीतर बाकीच्यांना थांबावं लागेल." पहाटे दोनच्या सुमारास ती सहाव्या बाईपाशी झोपली. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला आडवा होतो, तिथून मला फक्त सारसाचे पाय दिसत होते.

ऑगस्टमध्ये ओल आली. जमिनीपासून वर वर चढत फूटभर आली, गडद होऊन थांबली. मी घाबरून पेंटरबुवांना फोन केला. ते म्हणाले, "कुठवर आली?" मी म्हटले, पाण्याच्या पट्ट्यात आहे, अजून बायकांच्या पायांना लागलेली नाही. "मंग राहू द्या," ते म्हणाले. "पानी तिथं ठेवलं ते कायले?"

तर परवा रंगारी जेव्हा तिसऱ्यांदा विचारायला आला तेव्हा छकुली दारात उभी होती. त्याला हाताला धरून तिने आत नेले आणि खाटेवर निजायला लावले. रंगाचे कपडे, म्हणून तो बिचारा आधी चादर गुंडाळून बाजूला करू लागला.