लव्हबर्डचे पिल्लू : आहार आणि विश्वास

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा असल्याने, भिलाईसारख्या शहरांत पक्षी पाळण्याची हौस असलेली कुटुंबे मूळच्या आफ्रिकेतल्या, पण आता पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढवल्या जाणाऱ्या लव्हबर्डकडे वळतात. बाजारात बजरीगर हा ऑस्ट्रेलियन पक्षीही सर्रास याच नावाने विकला जातो. खरा लव्हबर्ड मात्र आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि सुमारे 50 ग्रॅम वजनाचा असतो.

पिल्लू हाताने भरवले तरच माणसाळते, हा समज खोलवर रुजलेला आहे आणि तो अनेक पिल्लांच्या जिवावर बेततो. लव्हबर्डचे पिल्लू साधारण सहा ते आठ आठवड्यांत स्वतः दाणे सोलून खाऊ लागते. त्याआधी त्याला आईबापांपासून तोडणे योग्य नव्हे. असे पिल्लू पदरी पडलेच, तर पिल्लांसाठी तयार मिळणारे पीठ कोमट पाण्यात कालवून, त्याचे तापमान 39 ते 41 अंश सेल्सिअस आहे याची खात्री करूनच भरवावे लागते. गळ्याच्या तळाशी अन्नपिशवी असते, जिच्यात गिळलेले अन्न पचनापूर्वी साठते. पीठ जास्त गरम असल्यास ही पिशवी आतून भाजते, थंड असल्यास अन्न तिथेच तुंबून आंबते. म्हणून पिशवी जवळजवळ रिकामी झाल्याचे हलक्या बोटाने चाचपून पाहिल्याखेरीज पुढचा घास देऊ नये.

दाणे खाणाऱ्या पिल्लाला राळे, बाजरी आणि छत्तीसगडात सहज मिळणारे कोदो-कुटकी चालतात. परंतु निव्वळ दाण्यांत जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम अपुरे पडत असल्याने कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर आणि पिंजऱ्यात टांगलेला समुद्रफेस यांची जोड हवी. सूर्यफुलाच्या बिया स्निग्ध असल्याने त्या बक्षिसापुरत्याच ठेवाव्यात. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण आणि खारट फरसाण पूर्णपणे वर्ज्य समजावे.

माणसाळवण्याचे काम याच आहाराच्या आधाराने होते. पहिले काही दिवस पिंजरा घरातल्या वर्दळीजवळ, पण एका बाजूने भिंतीला टेकवून ठेवावा, म्हणजे पक्ष्याला पाठीमागून धोका वाटत नाही. त्यानंतर राळ्याचे कणीस हातात धरून हात पिंजऱ्याच्या दाराशी स्थिर ठेवावा आणि पक्षी आपणहून जवळ येईपर्यंत थांबावे. तो निर्धास्तपणे खाऊ लागला, की बोट त्याच्या पायांच्या किंचित वर, पोटाशी हळूच टेकवावे. बहुतेक पिल्ले त्यावर पाय ठेवतात. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटांचा सराव पुरतो. पक्ष्याला मुठीत पकडणे कटाक्षाने टाळावे, कारण पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसून त्यांचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो, आणि छाती आवळली गेल्यास ते गुदमरतात. पक्षी चावला तर ओरडू नये, हात झटकूही नये. चावल्याने हात दूर जातो हे एकदा कळले, की तीच सवय पक्की होते.

भिलाईच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जात असल्याने पिंजरा उन्हापासून आणि कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवावा, पाणी दिवसातून दोनदा बदलावे, भिजवलेले दाणे व भाज्या दोन-तीन तासांत काढून टाकाव्यात. फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर पक्ष्यांना क्षणात मारक ठरतो, हे स्वयंपाकघराजवळ पिंजरा ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. पिसे फुगवून दिवसा झोपणे, श्वासागणिक शेपूट हलणे किंवा वजन घटणे ही आजाराची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्य गाठावा. दुर्गजवळच्या अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

नीट सांभाळलेला लव्हबर्ड दहा ते पंधरा वर्षे जगतो आणि एकटा ठेवल्यास रोज माणसांच्या सहवासावर अवलंबून राहतो. तेवढी वर्षे तेवढा वेळ देण्याची तयारी असेल तरच पिल्लू घरी आणावे, आणि आणायचे झाल्यास स्वतः खाणारेच आणावे.