नोझलपासून पानाच्या पाठीपर्यंत

द्राक्षवेलीवरचा केवडा, म्हणजे बागायतदारांचा ‘डाऊनी’, पानात शिरतो तो खालच्या बाजूने. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रे खाली असतात. ओल्या पानावरच्या पाण्यात पोहणारे रोगाचे बीजाणू याच रंध्रांतून आत जातात आणि काही दिवसांनी पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी दिसू लागते. औषध तिथे पोचले नाही, तर पानाची वरची बाजू औषधाने कितीही निळीपांढरी दिसो, उपयोग थोडाच. फवारणी यंत्र जोखायचे ते या कसोटीवर.

हा रोग १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला. बोर्दो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना धाक बसावा म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींची पाने शाबूत राहिलेली पिएर मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये पाहिली आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. तेव्हा मजूर एका हातात भांडे आणि दुसऱ्या हातात लहान झाडू घेऊन मिश्रण पानांवर शिंपडत. पाठीवरचे पंप त्यानंतर लवकरच आले. मिश्रण नाशिक-सांगलीच्या बागांत आजही चालते. शिंपडण्याची रीत मात्र पार बदलली.

यंत्राचे पहिले काम पाण्याचे थेंब करणे. थेंबाचा व्यास मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्यात आठपट थेंब होतात. एक लिटर पाण्याचे २०० मायक्रॉनचे थेंब केले तर ते सुमारे २४ कोटी भरतात. १०० मायक्रॉनचे केले तर १९० कोटींच्या आसपास. केवड्यावरची बरीच औषधे जिथे पडतात तिथेच काम करतात, त्यामुळे पानाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती थेंब बसले याला महत्त्व असते. मोठा थेंब मेणचट पानावर आपटून उसळतो किंवा फुटतो, आणि पान पुरते भिजले की त्यावरचे पाणी ओघळून जमिनीवर जाते. पाने निथळेपर्यंत फवारले म्हणजे काम चोख झाले, हा समज म्हणूनच महागात पडतो.

तर मग थेंब जितका बारीक तितका चांगला का? तसेही नाही. १०० मायक्रॉनचा थेंब शांत हवेत सेकंदाला साधारण पाव मीटर वेगाने खाली येतो. एक मीटर उतरायला त्याला चार सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला दोन मीटर वेगाचा साधा वारा त्याला आठ मीटर बाजूला नेतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला तेच अंतर उतरायला मिनिटाहून जास्त वेळ लागतो. शिवाय बाष्पीभवन आहेच. तापमान ३० अंश आणि हवेतील आर्द्रता ५० टक्के असताना शुद्ध पाण्याचा १०० मायक्रॉनचा थेंब सुमारे १६ सेकंदांत नाहीसा होतो, ५० मायक्रॉनचा चार सेकंदांत. तापमान २० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर १०० मायक्रॉनचाच थेंब जवळजवळ मिनिटभर टिकतो. सकाळी लवकर फवारण्याच्या सल्ल्यामागे हाच हिशेब आहे.

थेंबाचा आकार ठरतो नोझलमध्ये. फळबागेत आणि कपाशीत बहुधा पोकळ शंकूचा नोझल लावतात. त्यात छिद्राच्या मागे तिरक्या खाचांची एक चकती असते. दाबाखालचे पाणी या खाचांतून जाताना गरगर फिरू लागते आणि छिद्रातून शंकूच्या आकाराच्या पातळ पडद्यासारखे बाहेर पडते. पडदा पसरतो तसा विरळ होतो, त्याचे धागे होतात आणि धागे तुटून थेंब. दाब वाढवला की थेंब बारीक होतात. पाणी मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. दाब दुप्पट केला तर प्रवाह जेमतेम १.४ पट होतो, प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट लागतो. जास्त औषध जावे म्हणून पंपाचा दाब वाढवत नेणारा माणूस प्रत्यक्षात वाऱ्यावर उडणारे बारीक थेंब वाढवत असतो.

सगळ्या यंत्रात नोझल ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि दुर्लक्ष होते तेही तिच्याकडेच. बोर्डोतला चुना आणि पाण्यात मिसळायच्या भुकटीचे कण छिद्र खरवडतात. छिद्राची पितळी चकती लवकर झिजते, सिरॅमिकची बरीच टिकते. छिद्र झिजले की थेंब जाड होतात आणि औषध जास्त जाते, पण डोळ्यांना काही कळत नाही. तपासणी सोपी आहे: नेहमीच्या दाबावर प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे एक मिनिट धरायचे. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी आले, तर ती चकती बदलायची.

थेंब तयार झाला तरी तो पानाच्या पाठीवर आपण होऊन जात नाही. बारीक थेंब हवेच्या प्रवाहाबरोबर पानाला वळसा घालून निघून जातात. पानावर आदळण्यासाठी त्यांना वेग लागतो. ट्रॅक्टरमागचा ब्लोअर हा वेग देतो. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती बाहेर देणाऱ्या दांड्यावर, फिरणारा पंखा हवेचा मोठा झोत सोडतो, त्याच्या कडेला लावलेल्या नोझलचे थेंब झोतात मिसळतात आणि झोतामुळे पाने हलून त्यांच्या दोन्ही बाजू समोर येतात. वेलींच्या आतली कोरडी हवा बाहेर काढून तिथे थेंबांनी भरलेली हवा बसवायची, हे त्यामागचे तत्त्व. दोन ओळींत नऊ फूट, म्हणजे २.७ मीटर अंतर आणि हवा बदलायची उंची दोन मीटर धरली, तर ताशी पाच किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रॅक्टरला सेकंदाला साधारण साडेसात घनमीटर हवा बदलावी लागेल. झोत वाटेत आजूबाजूची हवा ओढून घेतो, त्यामुळे पंख्याची हवा याहून बरीच कमी चालते. ट्रॅक्टर जोरात पळवला तर मात्र हा हिशेब कोलमडतो. ब्लोअर घेताना टाकी किती लिटरची आणि ट्रॅक्टर किती एचपीचा, हे सगळे विचारतात; पंखा किती हवा फेकतो हे विचारणारे कमीच भेटतात.

हवा जास्त झाली तरीही बिघडते. अति जोराच्या झोताने पाने कौलांसारखी एकमेकांवर चिकटून बसतात आणि आतला घड कोरडाच राहतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे नुकते फुटू लागतात तेव्हा, वेलीवर पानेच नसतात. तेव्हा पूर्ण पंखा आणि सगळे नोझल चालू ठेवले तर बहुतेक औषध पलीकडच्या ओळीत जाते. फुलोऱ्याआधीच्या दोडा अवस्थेत पाऊस झाला की केवड्याचा धोका सर्वांत जास्त, आणि नेमक्या तेव्हा ओल्या जमिनीत ट्रॅक्टर रुततो. याला कोणत्याही ब्लोअरकडे उत्तर नाही.

पाठीवरच्या पंपाची अडचण वेगळी आहे. फवारणारा माणूस पुढे नळी धरून स्वतःच्याच फवाऱ्यात चालत जातो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या हंगामात कपाशी डोक्याएवढी वाढल्याचे आणि बारीक थेंब सोडणारे पंप वापरले गेल्याचे समोर आले. तोंडाच्या उंचीवर मारलेला बारीक फवारा श्वासावाटे आत जातो आणि घामाने ओल्या कपड्यांवर बसून कातडीतूनही मुरतो. वारा पाठीवर किंवा बाजूला घेणे, नळी एका कुशीला धरणे, अंगभर कोरडे कपडे आणि योग्य मास्क वापरणे हे उपाय साधे आहेत. उकाड्यात रोजंदारीवर काम करणाऱ्याला ते पाळणे तितके साधे नसते.

बारीक थेंब हवेत हरवू नयेत म्हणून त्यांना विद्युतभार देण्याची युक्ती अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात एडवर्ड लॉ यांनी विकसित केली. भारतात चंदिगडच्या सीएसआयओ या प्रयोगशाळेने असे यंत्र बनवले आहे. भारित थेंब पानाजवळ आला की पानावर विरुद्ध भार गोळा होतो आणि थेंब त्याकडे ओढला जातो, पाठीच्या बाजूनेसुद्धा. हे आकर्षण अगदी जवळच्या अंतरावर चालते. दाट वेलीत मात्र बाहेरची पानेच बरेच थेंब ओढून घेतात, म्हणून इथेही हवेच्या झोताशिवाय चालत नाही.

ड्रोनमुळे माणूस फवाऱ्याबाहेर पडतो, हा त्याचा मोठा फायदा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याचे ठरले. शेतीच्या ड्रोनची टाकी बहुधा दहा लिटरची असते आणि तेवढ्यात साधारण एकराची फवारणी होते. ब्लोअरच्या तुलनेत पाणी फारच कमी, म्हणून द्रावण कितीतरी पट तीव्र होते. त्या प्रमाणात चालणारे औषध आणि मात्रा आधी तपासावी लागते. पंख्यांचा खाली येणारा झोत सोयाबीनसारख्या बुटक्या पिकात थेंब आत ढकलतो. द्राक्षाच्या मांडवावर मात्र तो वरच्या पानांच्या छतावरच अडतो. खालच्या घडांपर्यंत आणि पानांच्या पाठीपर्यंत औषध न्यायचे, तर मांडवाखालून वर झोत सोडणारा ब्लोअरच लागतो.