पहाटेच्या गेटपर्यंत

हिवाळी सफारीची सगळी तयारी एका वेळेला बांधलेली असते. डिसेंबर-जानेवारीत जंगलाचं गेट उजाडता उजाडता उघडतं आणि त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी तिथं हजर राहून कागद तपासून घ्यायचे असतात. नांदेड-लातूरहून स्वतःच्या गाडीनं निघणाऱ्यानं या वेळेवरून उलटं मोजत घरापर्यंत यावं. कपडे, डबे, हवा, पेट्रोल, निघायचा मुहूर्त, सगळं त्यातून ठरतं.

आमच्याकडून दोन जंगलं मनात असतात. एक ताडोबा, चंद्रपूर जिल्ह्यातलं, 1955 सालापासूनचं राष्ट्रीय उद्यान. दुसरं त्यापेक्षा जवळचं टिपेश्वर, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या बाजूला. क्षेत्रफळ जेमतेम 148 चौरस किलोमीटर, पण वाघांमुळे आता सगळीकडे माहीत झालेलं अभयारण्य. टिपेश्वरला जाताना भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादच्या बाजूनं राष्ट्रीय महामार्ग 44 गाठता येतो. दुसरी वाट अर्धापूर, हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे जाणाऱ्या महामार्गाची. लातूरची मंडळी अहमदपूर-लोह्यावरून नांदेडला येतात आणि इथून पुढं आमचीच वाट धरतात.

बेत ठरला की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "रात्री बाराला निघू, रस्ता मोकळा असतो, पहाटे थेट गेटवर." या एका गोष्टीला मी ठाम नकार देतो. हिवाळ्यात आमचा रस्ता रात्री मोकळा नसतो. ऊसगाळपाचा हंगाम चालू असतो. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर आलेलं उसाचं वाढं, आणि मागं लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरची चकतीसुद्धा नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर असताना अशी ट्रॉली दिसते ती अगदी बंपरला लागायच्या बेतात आल्यावर. भोकर-किनवट पट्ट्यात उसाच्या जागी कापूस येतो. पिकअपच्या दोन्ही अंगांनी बाहेर फुगलेल्या कापसाच्या भारानं टेललाइट झाकलेले असतात. त्यात नदीकाठच्या सखल भागात पहाटे धुकं उतरतं.

दुसरं कारण माझ्या दृष्टीनं अधिक मोठं आहे. जंगल गेटच्या आत सुरू होतं, हा आपला समज आहे. वाघांचा तसा समज नाही. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका नर वाघाला फेब्रुवारी 2019मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. नोंदीत त्याचं नाव टी-1 सी-1. त्या वर्षी जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत शेतं, ओढे, गावांच्या शिवा आणि रस्ते ओलांडत त्यानं सुमारे 1,300 किलोमीटर पायपीट केली होती. नंतर डिसेंबर 2024मध्ये धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले, तर तोही टिपेश्वरचाच निघाला. नकाशा समोर ठेवून पाहा. टिपेश्वर आणि येडशी यांच्या मधून यवतमाळ-नांदेड-लातूर-तुळजापूर हा महामार्ग आडवा जातो. तो वाघ कुठंतरी, बहुधा रात्रीच, हा रस्ता ओलांडून गेला असणार. आपण ज्याला पाहायला गाडी काढतो, तो त्याच रस्त्यावर आपल्या दिव्यांसमोर येऊ शकतो. वाघ नाही आला तरी रोही येते, रानडुक्कर येतं, कोल्हा येतो. रोही एकटी क्वचित असते. एक ओलांडून गेली म्हणून वेग वाढवावा, तर दुसरी मागोमाग उडी घेते.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात लोक स्वतःच्या गाडीनं सफारी करतात. तिथं डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40 किलोमीटरची मर्यादा असते, आणि ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायला बंदी. आपल्याकडं ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना स्वतःची गाडी नेता येत नाही; नोंदणी झालेली जिप्सी आणि सोबत गाइड घ्यावा लागतो. आपली गाडी गेटबाहेर उभी राहते. म्हणून स्वतः गाडी चालवण्याची आपली सफारी किनवटच्या सागवनातच होते, आणि क्रूगरचा शहाणपणा तिथंच पाळायचा असतो. तिथं वेग कमी, हॉर्न बंद, आणि खिडकीतून वेफर्सची पाकिटं बाहेर नाहीत.

यावरून निघायची वेळ ठरते. आदल्या दिवशी सकाळी न्याहारी करून निघायचं आणि ऊन असेपर्यंत मुक्कामाला पोचायचं. एक दिवस जास्त जातो, पण गाडी चालवणारा माणूस रात्रभर झोपलेला असतो. पहाटेच्या गेटसाठी त्याच्याइतकी महत्त्वाची वस्तू सामानात दुसरी नाही.

गाडीची तपासणी मी दोन दिवस आधी करतो, म्हणजे काही निघालं तर मिस्त्रीकडं जायला वेळ राहतो. हवा पाहायची ती सकाळी, गाडी न चालवता. चालून तापलेल्या टायरमध्ये काटा खोटा आकडा दाखवतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात दोन माणसांसाठीची हवा वेगळी आणि भरलेल्या गाडीसाठीची वेगळी दिलेली असते. पाच माणसं आणि सामान असेल तर मागच्या टायरना दुसरा आकडा लागतो. स्टेपनीची हवा त्याच वेळी पाहावी. जॅक आणि पाना नुसते आहेत एवढं पुरत नाही. पान्यानं चाकाचा एखादा नट ढिला करून परत आवळून पाहावा, कारण मशीननं आवळलेले नट कधीकधी हातानं हलतच नाहीत, आणि ते अंगणात कळलेलं बरं. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर दाखवून घ्यावी. थंड पहाटे तिचा कस लागतो.

धुक्यात समोरची काच आतून धुरकट होते. दस्तीनं पुसत बसू नये. एसी लावून हवा काचेकडं वळवली की ती मिनिटभरात स्वच्छ होते. धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, तेव्हा डिपरवरच चालवायचं. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक करतात. डिकी भरली की गाडीचं मागचं अंग बसतं आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जातो. आपल्याला वाटतं छान लांबवर दिसतंय. समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला झोत खाली घेण्याची छोटी चकती असते. सामान भरून झालं की तिच्याकडं हात जायलाच हवा.

सीएनजीची गाडी असेल तर निम्मी डिकी टाकीनंच खाल्लेली असते, आणि जंगलाच्या अंगाला गॅसचा भरवसा धरता येत नाही. पेट्रोलची टाकी नांदेडातच भरून घ्यावी.

कपड्यांत आम्हा मराठवाड्यातल्या माणसांची खरी परीक्षा असते. आमची थंडी अंगणातली; उघड्या जिप्सीतली थंडी वेगळी. विदर्भात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. त्यात जिप्सी वीसच्या वेगानं चालली तरी वारा थेट छातीवर येतो. दहा वाजता तीच जागा उन्हानं तापलेली असते. म्हणून एक जाड जर्किन घेण्यापेक्षा थर घालावेत. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर स्वेटर, आणि सगळ्यांत बाहेर वारा न शिरणारं पातळ जॅकेट. ऊन चढेल तसे ते एकेक काढून पिशवीत घालता येतात. कानटोपी आणि हातमोजे लागतातच. बोटं आखडली की दुर्बीणही धरवत नाही. मांडीवर घ्यायला मी घरची वाकळ नेतो. जुन्या लुगड्यांचे थर टाचून शिवलेली वाकळ वारा अडवते, आवाज करत नाही, आणि तीन माणसांच्या गुडघ्यांना पुरते. दुकानातल्या चुरचुर वाजणाऱ्या जॅकेटपेक्षा ती मला जंगलात अधिक शोभेलशी वाटते.

रंगाबद्दल सगळे सांगतात, खाकी किंवा मातकट घाला. खरं तर हरणांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. त्यांना खटकतात ते पांढरेशुभ्र कपडे आणि हालचाल. जिप्सीत उभं राहून हात हलवणारा खाकी माणूस, गप्प बसलेल्या लाल स्वेटरपेक्षा जास्त त्रास देतो. धुळीसाठी प्रत्येकी एक मोठी दस्ती हवी. पुढं दुसरी जिप्सी असेल तर धुळीचा लोट थेट तोंडावर येतो. अत्तर लावून येऊ नये.

दुर्बिणीवर मात्र खर्च करावा, हे माझं मत पक्कं आहे. हिवाळ्यात गवत उंच असतं, नाल्या-ओढ्यांत पाणी असतं. उन्हाळ्यासारखे वाघ एकाच पाणवठ्यावर येत नाहीत. या दिवसांत जंगल वाचायचं असतं. तळ्यावर हिवाळी पाहुणे आलेली बदकं, उन्हाला पंख पसरून बसलेले गरुड, गवतातून फक्त कान दिसणारं सांबर, हे सगळं दुर्बिणीचं काम. दहा पटीची घेऊ नका. हलत्या जिप्सीत चित्र थरथरतं. आठ पटीची, 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते, आणि ती प्रत्येकी एक असावी. एकच दुर्बीण चौघांत फिरली की पक्षी तिसऱ्याच्या हातात जाईपर्यंत उडालेला असतो.

कॅमेऱ्यासाठी तिपाई जिप्सीत चालत नाही. घरी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवावी आणि तीत दीड-दोन किलो ज्वारी भरावी. जिप्सीच्या कडेवर ती टाकली की जड लेन्स तिच्यात स्थिर बसते. परत आल्यावर ज्वारी डब्यात.

खाण्याचं सामान वाटेसाठी आणि मुक्कामासाठी असतं. जंगलात खाणं काढायचंच नाही. दशम्या, धपाटे, शेंगाची चटणी, गूळ, भाजलेले शेंगदाणे, हे दोन दिवस बिनघोर टिकतं. दुधात मळलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, हे घरच्या बायकांना कुणी शिकवायला नको. पाणी स्टीलच्या बाटल्यांत. एकदाच वापरायचं प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. पहाटे चहा अर्धाच कप घ्यावा. तीन-चार तास जिप्सीतून उतरता येत नाही. वयस्कर माणसांना आणि बायकांना हे आदल्या रात्रीच स्पष्ट सांगावं, संकोच करू नये. गेटवरचं स्वच्छतागृह कुठं आहे, तेही पोचल्या पोचल्या पाहून घ्यावं.

परवान्यावर ज्यांची नावं आहेत, त्यांचं तेच मूळ ओळखपत्र एका पाकिटात ठेवून ते पाकीट एकाच माणसाकडं द्यावं. पहाटे पाचला अंधारात कुणाची पर्स, कुणाची बॅग शोधण्यात जिप्सी निघून जाते. बुकिंगची तारीख ठरवताना मंगळवार टाळावा. ताडोबा त्या दिवशी बंद असतं.

मोबाइल मुक्कामावरच ठेवून जायची सवय करावी. ताडोबानं सफारीत मोबाइलवर बंदी आणून बरीच वर्षं झाली, आणि ती का हवी हे 2024च्या शेवटच्या दिवशी उमरेड-करांडला अभयारण्यात दिसलं. एफ-2 नावाची वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर होती आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्यांनी तिची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. जिप्सीच्या ड्रायव्हरला "अजून थोडं पुढं घ्या ना भाऊ" म्हणणारे आपणच असतो. त्याची रोजी आपल्या खुशीवर चालते, म्हणून तो पुढं घेतो. तेव्हा आदल्या रात्री सामान भरताना घरातल्या मुलांना एवढंच सांगून ठेवावं, की वाघ दिसला तर भाऊला काही म्हणायचं नाही. गाडी किती लांब थांबवायची, हे गाइडदादा ठरवतील.

सकाळची फेरी संपली की जेवून दुपारी एकपर्यंत परतीला लागावं. दुसऱ्या फेरीचा मोह झाला तर एक मुक्काम वाढवावा. संध्याकाळी फेरी संपवून तसंच नांदेडला निघालं, तर किनवटचं जंगल पुन्हा अंधारात येतं, आणि थकलेला माणूस स्टिअरिंगवर असतो.

आम्ही भोकर उजेडात गाठतो. तिथं चहा घेताना हेडलाइट आणि टेललाइट दस्तीनं पुसून घ्यायचे, कारण दोन दिवसांच्या धुळीनं ते निम्मे झाकलेले असतात.