हिंगण्याच्या विंगेतून

महर्षी कर्व्यांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. हिंगण्याच्या माळावरची झोपडी, पुण्याहून रोजची पायपीट, ठाकरसींचे पंधरा लाख आणि शंभराव्या वर्षी मिळालेलं भारतरत्न. महिला महाविद्यालयाच्या समारंभात प्रमुख पाहुणे ती हमखास सांगतात, आणि ती सांगायलाच हवी. अशा समारंभांत मी मात्र बरीच वर्षं विंगेत उभी राहिले आहे, हातात कार्यक्रमपत्रिका धरून. उजेडात बोलणाऱ्या एका माणसामागे अंधारात किती जणी धावत असतात, ते तिथून नीट दिसतं. हिंगण्यातही अशा कितीतरी जणी होत्या. त्यांच्यापैकी काहींनी आपली हकीकत स्वतः लिहून ठेवली, हे आपलं भाग्य. पुढचे किस्से त्या बाजूचे आहेत.

सुरुवात कर्व्यांच्या घरातूनच करू. आनंदीबाई कर्वे, म्हणजे सगळ्यांच्या बाया, माहेरच्या गोदूबाई जोशी. त्या बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, बहिष्कार घातला, इथवर सर्वांना ठाऊक आहे. पडद्यामागचा भाग त्यापुढे सुरू होतो. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम (पुढचा हिंगण्याचा आश्रम) काढला, तेव्हा लोकांच्या मनात एकच धास्ती होती: इथे विधवांची लग्नं तर लावणार नाहीत ना? आश्रमाचा पुनर्विवाहाशी काही संबंध नाही, असा निर्वाळा कर्व्यांना द्यावा लागला. मग संस्थापकांच्या पुनर्विवाहित पत्नीने आश्रमात वावरायचं कसं? विधवांच्या शाळेत राहण्याचा, शिकण्याचा अनुभव घरात फक्त बायांना होता, आणि आश्रमापासून दूर राहायची वेळही त्यांच्यावरच आली. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी हा सल लपवलेला नाही. पुढे त्या आश्रमाचा खांब ठरलेली बाई मात्र त्यांच्याच माहेरची निघाली.

ती म्हणजे बायांची धाकटी बहीण, पार्वतीबाई आठवले. त्याही तरुणपणी विधवा झाल्या आणि लहान मुलाला घेऊन बहिणीकडे पुण्याला आल्या. पंचविशीनंतर पाटी-पुस्तक हाती धरलं. पुनर्विवाह करावा असं त्यांना स्वतःसाठी कधीच वाटलं नाही, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे एका छपराखाली पुनर्विवाह केलेली थोरली आणि तो नाकारणारी धाकटी. बाहेर पुण्यात याच प्रश्नावरून जोरदार वाद चालले होते. घरात मात्र दोघी एकमेकींचं ओझं उचलत होत्या. धाकटीला स्वतःच्या मतावर ठाम राहण्याइतकं स्वावलंबी केलं, ते वेगळ्या मताच्या थोरलीच्या घरानेच.

पार्वतीबाईंचं आश्रमातलं मोठं काम म्हणजे वर्गणी. त्या काळातल्या केशवपन केलेल्या, आलवणातल्या विधवेने गावोगाव फिरून, अनोळखी माणसांसमोर उभं राहून, स्त्रीशिक्षणासाठी पैसे मागायचे! आश्चर्य असं की त्या वेशाचा उपयोगच होत असे. कर्मठ घरातही अशा बाईला दार बंद करणं अवघड जाई. सुधारकांना जिथे उंबऱ्यावरूनच परतावं लागे, तिथे त्या माजघरात बसून बायकांशी बोलत. चाळिशी ओलांडल्यावर, १९१२च्या सुमारास, त्यांनी केशवपन थांबवायचं ठरवलं. त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या रूपावर कर्मठ समाजाचा विश्वास होता, तेच त्या सोडत होत्या, आणि तेही वर्गणीचं काम अंगावर असताना. टीका भरपूर झाली. त्यांनी केस वाढवले आणि वर्गणीची वहीही खाली ठेवली नाही.

१९१८ साली याच बाई एकट्या अमेरिकेला निघाल्या. वय अठ्ठेचाळीस, इंग्रजी जेमतेम, आहार शाकाहारी. इंग्रजी शिकावं, तिथल्या संस्था पाहाव्यात, आश्रमासाठी मदत मिळवावी, असा बेत होता. पैसे पुरेनात, तेव्हा त्यांनी अमेरिकन कुटुंबांत घरकाम धरलं. हिंगण्यात मुलींवर देखरेख करणारी बाई परक्या देशात दुसऱ्यांची भांडी घासत होती, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आजारपणं काढली, माणसं जोडली आणि १९२०मध्ये त्या परत आल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ मराठीत आली आणि १९३०मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला. जी भाषा शिकायला त्या सातासमुद्रापार गेल्या, त्या भाषेत त्यांच्या पाठोपाठ त्यांचं पुस्तकच जाऊन पोहोचलं.

आता ती प्रसिद्ध जपानी पुस्तिका. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी ही पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि १९१५च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, असं आपण ऐकतो. खरं तर बनारसहून आलेलं ते पुडकं त्यांनी आधी वरवर चाळून बाजूला ठेवलं होतं. अध्यक्षीय भाषणाची तयारी करायची वेळ आली, तेव्हा ते आठवलं. म्हणजे महिला विद्यापीठाचा मुहूर्त थोडक्यात हुकता हुकता वाचला. पण नुसत्या पुस्तिकेने विद्यापीठ होत नाही. कर्व्यांना अवघ्या काही महिन्यांत, १९१६च्या मध्यावर, कामाला लागता आलं, कारण हिंगण्यात वसतिगृह चालवणाऱ्या, शिकवणाऱ्या, हिशेब सांभाळणाऱ्या बायका तयार होत्या. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य तिथे घातलं होतं. कल्पना टपालाने आली. ती पेलणारी माणसं वीस वर्षं घडत होती.

विद्यापीठाच्या पाठिंब्यासाठी कर्वे गांधीजींना भेटले, तेव्हाचा किस्सा कर्व्यांनीच नोंदवला आहे. मातृभाषेतून शिक्षण ही गोष्ट गांधीजींना मनापासून पटली. इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवणं मात्र पटेना. कर्वेही हटेनात. इंग्रजी नसेल तर मुलींचं शिक्षण कमअस्सल ठरवलं जाईल, हे ते जाणून होते. अखेर गांधीजींनी आपलं मत कायम ठेवून, केवळ कर्व्यांसाठी, दरसाल दहा रुपयांची वर्गणी कबूल केली. मतभेद मिटला नाही, तरी वर्गणी मिळाली. पार्वतीबाईंनाही शोभावा असा हा सौदा होता.

पहिले कुलपती डॉ. रा. गो. भांडारकर आणि कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे. नावं भारदस्त, पण महाविद्यालयातल्या पहिल्या विद्यार्थिनी जेमतेम मूठभर. त्यांना मिळणारी पदवी ‘गृहीतागमा’, पुढची ‘प्रदेयागमा’. सरकारदरबारी दोन्हींना मान्यता नव्हती. ही पदवी घेऊन करायचं काय, असं लोक उघड विचारत. उत्तर मुलींनीच दिलं. वारूबाई शेवडे यांच्यासारख्या सुरुवातीच्या पदवीधर संस्थेच्याच कामात उतरल्या, कितीजणी विद्यापीठाशी जोडलेल्या मुलींच्या शाळांत शिकवायला गेल्या. सरकारने मानलं नाही ते शिक्षण त्यांनी पुढच्या मुलींच्या हाती दिलं. कायद्याची मान्यता १९५१ साली आली, तोवर गृहीतागमा झालेल्या बायकांच्या हाताखालून शाळेच्या कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या होत्या.

पंधरा लाखांचीही एक आतली बाजू आहे. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या, नाथीबाईंच्या नावे ही देणगी जाहीर केली. दोनच वर्षांनी ते वारले. देणगीला अटी होत्या. तीसच्या दशकात विश्वस्तांशी मतभेद झाले, वर्षाकाठी येणारी रक्कम थांबली आणि तडजोड होईपर्यंत विद्यापीठाचा जीव टांगणीला लागला. सत्तरी ओलांडलेले कर्वे निधीसाठी युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरून आले, ते याच काळाच्या आगेमागे. १९३६मध्ये विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला गेलं. आणि १९५१ साली, कायद्याने मान्यता मिळालेल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या त्या विठ्ठलदासांच्या पत्नी, लेडी प्रेमलीला ठाकरसी. सासूचं नाव विद्यापीठाच्या पाटीवर होतंच. सुनेने कारभार हाती घेतला.

सुनेवरून कर्व्यांची सून आठवणं साहजिक आहे. १९२८ साली इरावतीबाईंनी संशोधनासाठी जर्मनीला जायचं ठरवलं, तेव्हा पती दिनकर पाठीशी होते. सासरे मात्र विरोधात होते. अवघ्या देशात स्त्रीशिक्षणासाठी झोळी फिरवणाऱ्या माणसाला घरच्या सुनेचं एकटीने बर्लिनला जाणं पचेना. मला यात कर्व्यांचं माणूसपण दिसतं आणि इरावतीबाईंचं धैर्यही. जीवराज मेहतांकडून घेतलेल्या कर्जावर त्या गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. १९३१पासून काही वर्षं त्यांनी एका विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचं काम पाहिलं. ते विद्यापीठ सासऱ्यांचंच होतं.

हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून द्यावं, तर विंगेत ते दर वर्षी नव्याने घडतं. एका महाविद्यालयात विद्यार्थिनी परिषदेच्या सचिवपदासाठी दोघींत चुरस झाली. हरलेल्या मुलीच्या गटाने गॅदरिंगच्या कामावर अघोषित बहिष्कार टाकला. ऐन कार्यक्रमाच्या संध्याकाळी, धावपळ करून करून, जिंकलेल्या मुलीचा घसा पार बसला. आवाजच फुटेना. आभारप्रदर्शन कोण करणार? तिने स्वतः जाऊन हरलेल्या मैत्रिणीच्या हातात कागद दिला. मैत्रिणीने तो कागद बाजूला ठेवला; आमच्या छातीत धस्स झालं. मग तिने पाठ असल्यासारखी नावं घ्यायला सुरुवात केली: मेसमधल्या मावशी, रात्री उशिरापर्यंत फाटक उघडं ठेवणाऱ्या रेक्टर मॅडम, पडदा ओढणारी पहिल्या वर्षाची मुलगी. जिच्याकडून ती हरली होती, तिचं नाव तिने सर्वांत शेवटी घेतलं. टाळ्या वाजल्या त्या त्या नावाला. पुढच्या वर्षी वसतिगृहाची समिती दोघींनी मिळून चालवली, आणि भांडणंही पुष्कळ केली.

मला सांगायचं आहे ते एवढंच. स्त्रीचं नेतृत्व म्हणजे एकटीने पुढे धावणं नव्हे, हे आपल्या महाविद्यालयांच्या इतिहासात जागोजाग लिहिलेलं आहे. त्या इतिहासात पुनर्विवाह नाकारणारी बहीण पुनर्विवाहितेच्या घरात शिकते आणि सून सासऱ्यांचा विरोध पत्करून परदेशी जाते, मग त्यांच्याच संस्थेत काम करते. जिची पदवी कुणी मानत नाही अशी मुलगी दुसऱ्या मुलींना शिकवते. मत एक नसतानाही हात सुटले नाहीत, म्हणून ही संस्था टिकली. नेतृत्वाची शिबिरं भरवताना मुलींना भाषण करायला जरूर शिकवा. त्याबरोबर वर्गणीचा चोख हिशेब ठेवायला, न पटणाऱ्या मैत्रिणीबरोबर काम निभवायला आणि हरलेलीच्या हाती जबाबदारी द्यायलाही शिकवा. आणि आनंदीबाई, पार्वतीबाई, वेणूबाई, काशीबाई, वारूबाई ही नावं प्रत्येक मुलीला पाठ असू द्या. ज्या वर्गात ती बसते, तो त्यांनी उभा केला आहे.