हेस्टिंग्जचा एक डाव

संध्याकाळी वसतिगृहाच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला, की लहान मुले मोठ्यांसमोर बसण्यास कचरतात. ‘सर, त्यांनी पुस्तके वाचली आहेत,’ ही त्यांची तक्रार. अशा वेळी मी मीर सुलतान खान यांचा डाव लावून दाखवतो. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना तो स्मरत असेल.

इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे 1930-31 च्या स्पर्धेत सुलतान खान यांच्यासमोर क्यूबाचे कापाब्लांका बसले होते. कापाब्लांका 1921 ते 1927 जगज्जेते होते आणि 1916 ते 1924 अशी आठ वर्षे एकही डाव हरले नव्हते. सुलतान खान पंजाबातले, नवाब सर उमर हयात खान यांच्या पदरचे. ते देशी पद्धतीने खेळत वाढले. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर पुढे जाते. युरोपीय नियम त्यांनी तरुणपणी आत्मसात केले आणि 1929 मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. तरीही डावाच्या आरंभीच्या चालींचे ग्रंथगत ज्ञान ही त्यांची उणीवच राहिली.

डावात पांढरी मोहरी सुलतान खान यांची होती. एकविसाव्या चालीला कापाब्लांकांचा हत्ती शह देत आत घुसला. पाठोपाठ दुसराही आला. दोन्ही हत्ती देऊन त्यांनी वजीर घेतला. रूढ हिशेबाने वजिराचे मोल नऊ, दोन हत्तींचे दहा. म्हणजे सौदा जवळपास बरोबरीचा. परंतु वजिराला मोकळे रान लागते. येथे मध्यभागी प्यादी एकमेकांना अडून उभी होती, आणि म्हणूनच किल्लेकोट न केलेला पांढरा राजाही सुरक्षित होता. (मुले येथे हटकून विचारतात, ‘राजा उघड्यावर कसा?’) मग हत्ती मोकळ्या स्तंभावर आला. घाई नाही, चमत्कृती नाही; नुसता दाब वाढत गेला. पासष्टाव्या चालीला डाव संपला.

स्पर्धेत मात्र कापाब्लांका दुसरे व सुलतान खान तिसरे आले, हेही मी सांगतो.

पुढे 1932 व 1933 मध्येही ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनीच मिळवले. नवाबांबरोबर ते मायदेशी परतले आणि त्यांचा स्पर्धांतील खेळ थांबला. जागतिक संघटनेने 1950 मध्ये पहिल्या 27 ग्रँडमास्टरांची नावे जाहीर केली. खेळ सोडून बरीच वर्षे झालेले रुबिनस्टाइन त्या यादीत होते. सुलतान खान नव्हते. ते 1966 मध्ये वारले. सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब त्यांच्या नावे 2024 मध्ये दिला गेला.