पाव मेगापिक्सेलचं आकाश

दसरा जवळ आला की दोनशे मेगापिक्सेलच्या फोनच्या जाहिरातींना ऊत येतो. सोबत कुठल्याशा चाचणीतले गुणही असतातच. २०१७ मध्ये निकॉनच्या डी८५० च्या सेन्सरला कॅमेरे तपासणाऱ्या डीएक्सओमार्कने १०० गुण दिले, तेव्हा अनेकांना ते पैकीच्या पैकी वाटले. पुढे हॅसलब्लाडच्या एका कॅमेऱ्याला १०२ मिळाले! ही मोजणी सेन्सरपुरतीच असते: रंग, उजेड-सावलीचा पल्ला आणि कमी प्रकाशातली खरखर. भिंग कसं आहे, हात किती हलतो, हे त्यात येत नाही.

मेगापिक्सेल आणि गुणांपलीकडचं एक उदाहरण पाहा. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा भारताचा खगोल उपग्रह अवकाशात गेला. त्यावरची ‘यूव्हिट’ ही अतिनील दुर्बीण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने घडली. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेचे श्याम टंडन हे तिच्यामागचं एक प्रमुख नाव. तिच्या सेन्सरवर पिक्सेल किती? ५१२ गुणिले ५१२, म्हणजे जेमतेम पाव मेगापिक्सेल. फोनच्या दुकानात कुणी हात लावणार नाही.

पण इथे प्रकाशाचा एकेक कण मोजला जातो. कण आदळला की प्रकाश वाढवणाऱ्या इंटेन्सिफायरमुळे त्याचा ठिपका होऊन काही पिक्सेलांवर पसरतो, आणि त्या ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत काढता येतो. उपग्रह डुलतो, म्हणून दृश्य प्रकाशाचा कॅमेरा त्याचं डुलणं टिपत राहतो आणि जमिनीवर सगळ्या चौकटी जुळवून घेतात. मला यातली ही हिशेबी चिकाटी फार आवडते.

दुर्बिणीच्या प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यांचं अवकाशात काय झालं? ३० नोव्हेंबर २०१५ ला झाकणं उघडली आणि ओळखीच्या ताऱ्यांवर दुर्बीण तपासली. संवेदनशीलता जमिनीवरच्या मोजणीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी भरली. रेखीवपणाचं उद्दिष्ट मात्र १.८ विकलांचं होतं, प्रत्यक्षात मिळाला १.४ ते १.७; इथे आकडा लहान तितकं चित्र रेखीव. एकच यंत्र, एका विषयात घसरलं, दुसऱ्यात वर गेलं. या दोन्हींची सरासरी काढून एकच गुण दिला असता तर खगोलशास्त्रज्ञाला त्यातून काय कळलं असतं?

२०२० मध्ये आयुकाच्या कनक साहा यांच्या चमूने याच दुर्बिणीतून ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेचे तीव्र अतिनील किरण टिपले. हबल अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, यूव्हिटचा ३७.५ सेंटिमीटरचा, तरी हबलला ते दिसले नव्हते. तेव्हा दिलं गेलेलं कारण साधं होतं: यूव्हिटच्या डिटेक्टरमधली खरखर हबलपेक्षा खूपच कमी आहे.